लोकरीच्या मागचं प्लॅस्टिक

बाबा,

आज नव्या खोलीतल्या आतल्या फळ्या ठोकू नकोस! सकाळी उत्तरेच्या भिंतीत थंडी अडवायला भरलेली लोकर काढून पाहिली, तर मागच्या प्लॅस्टिकवर थेंबच थेंब. तुझ्या किटलीची वाफ लोकरीतून आरपार जाऊन थंड बाजूला पाणी होऊन बसली होती. प्लॅस्टिक लोकरीच्या मागे नाही, पुढे, खोलीच्या बाजूला हवं होतं. नकाशा मीच उलटा वाचला. ‘भौतिकशास्त्राची पदवी कुणी दिली गं तुला?’ हे आताच म्हणून घे.

पण वेळेत कळलं, बाबा! भिंती बंद झाल्या असत्या तर आई विणायला बसायची त्या जुन्या गॅरेजसारखीच इथेही बुरशी आली असती आणि आईचा खोकला पुन्हा सुरू झाला असता. मग ती बँगोरहून, मावशीकडून, परत कशाला येईल?

लोकर स्वयंपाकघरात वाळते आहे, तिच्यावर मांजराला बसू देऊ नकोस. मी चिकटपट्टी आणायला गेले आहे, अकरापर्यंत येते.

काल आईचा फोन आला होता. तुझी चौकशी केली नाही. पण ‘नव्या खोलीचं दार किती रुंद आहे गं? माझा हातमाग जाईल ना आत?’ असं विचारलं. मी तीनदा मोजलं. जातो, चार सेंटीमीटर राखून.

हेलेद