चूक म्हणणारं माणूस

ती. ताईस,

एकाच हाताने नमस्कार (दुसरा फळीला बांधलाय, बोटं तेवढी मोकळी; सुटला की उरलेला अर्धा करीन). तुझी कंबर, भावजींचा खोकला आणि तुम्हा दोघांचं भांडण, तिन्ही बेताचं असेल अशी आशा. अक्षर नवरोबाचं आहे, मजकूर माझा. (शुद्धलेखन माझं. – नवरोबा)

तर तू पाठवलेली ती लोणच्याची बरणी. तुझा दोष आहे असं मी म्हणत नाही, पण झाकण तू असं आवळतेस की जणू आत चोर कोंडलाय. मी जोर लावला, झाकण जागचं हललं नाही, काच मात्र माझ्या तळहातात शिरली आणि अंगठ्याकडे जाणारा मज्जातंतू तुटला. सर्जन म्हणाले, मधला तुकडाच गेलाय, टोकं ओढून जोडली तर ताण येईल. मी म्हटलं, अहो, कापड तोकडं पडलं तर आम्ही शिवणारे जोड देतो. म्हणाले, "तेच करतोय." मग मधे एक बारीक नळी बसवली, आत माझ्याच पेशी, प्रयोगशाळेत वाढवलेल्या. तंतूने म्हणे तिच्यातून हळूहळू वाढत पलीकडे पोचायचं आणि नळीने नंतर विरघळून जायचं. (काम झाल्यावर इतक्या सभ्यपणे निघून जाणारं आपल्या घराण्यात कुणी नाही.)

पोचेलच, असं मात्र सर्जन म्हणत नाहीत. तोवर अंगठ्याला रेशीम आणि गोणपाट सारखंच. मागच्या आठवड्यात पडदा टाचताना टाचणी आरपार अंगठ्यात गेली आणि मी आपली गप्पा मारतेय! किंचाळल्या त्या गिऱ्हाईक बाई. पडदा घेऊन गेल्या, परत आल्या नाहीत. ताई, कापड हाताला कळेनासं झालं तर मी करू काय?

रोजचा व्यायाम असा: मी डोळे मिटायचे, नवरोबाने एकेका बोटाला हात लावायचा, मी बोट ओळखायचं. काहीही म्हटलं तरी हे म्हणतात, "बरोबर!" मी खूश. परवा शंका आली म्हणून "कोपर" म्हटलं. "अगदी बरोबर!" (मी मन राखत होतो. – नवरोबा)

तुझी,
सध्या दीड हाताची धाकटी

ता. क. बरणी पाठवू नकोस, तूच ये. जन्मात तू मला कधी "बरोबर" म्हणाली नाहीस. आता तुझं ते "चूक" हेच औषध आहे.

ता. क. २ (ती आंघोळीला गेलीय म्हणून नवरोबाकडून): ताई, काल दुपारी तिला डुलकी लागली होती. मी सुईचं टोक हळूच त्या अंगठ्याला टेकवलं. तिने झटकन हात ओढला आणि झोपेतच मला शिवी दिली. जागी झाल्यावर सांगितलं, तर म्हणते, "हो का? आणि कोपर?" लवकर या. स्वतः टोचून बघा आणि एकदाच, फक्त एकदा, तिला "बरोबर" म्हणा.