डोळा माझा, निकाल भावाला

मुंबई, ४ डिसेंबर १९९३

सौ. कुंदास,

आशीर्वाद आहेतच, पण आज रागही आहे, तो आधी घे.

शिरेत पिवळं औषध टोचून माझ्या डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढले. मग सुईनं डोळ्यातला द्रव काढून तपासायला दिला. डोळा माझा, सुई मी सोसली, आणि निकाल सांगायला डॉक्टरांनी बाहेर बोलावलं कुणाला? आपल्या देवचंदला! आत येऊन धाकटा मला म्हणतो, "भाऊ, नुसती सूज आहे." अरे, सुजेचे थेंब तर मी जळगावला वर्षभर घातले!

मग काल तुझं पत्र आलं. केळीचे घड कापले, म्हैस व्याली, ट्रक रावेरला गेला, सगळं लिहिलंस. डोळ्याबद्दल एक अक्षर विचारलं नाहीस. तेव्हाच समजलो, देवचंदनं तुला कळवलंय. मी काय दूधपितं पोर आहे?

आज डॉक्टरांना तोंडावर विचारलं. डोळ्यात कॅन्सर आहे, लिम्फोमा म्हणतात. सोमवारपासून किरणांचा शेक देणार आहेत. दुसरा डोळा चांगला आहे. हे पत्र मीच लिहिलंय, अक्षर बघ. इथलं जेवणही बरं आहे. तू जेवतेस ना वेळेवर?

पुन्हा माझ्यापासून काही लपवलंस तर याद राख.

आणि हो, माय विचारेल. तिला मोतीबिंदू सांग. देवचंदलाही तसंच पढवून ठेवलंय.

रागावलेला, तरी तुझाच,
तोताराम