खुणेपासून पुढे वाचा

अहो,

चोपड्याच्या वाचनालयात आमच्या वाचन मंडळाची बैठक आहे, तिकडे जातेय. ईश्वरी गच्चीवर आईंजवळ आहे. त्या ज्वारीच्या बिबड्या वाळत घालताहेत, त्यामुळे जेवण झालं की तिला खाली आणून झोपवा. कळण्याची भाकरी झाकून ठेवलीय.

मंडळाचं पुस्तक मी नेलं नाही, उशीजवळ आहे. महिनाभर तिला तेच मोठ्याने वाचून झोपवलं, आता त्याशिवाय तिचा डोळा लागत नाही. दोन पानांत ती झोपते, आणि बहुतेक वेळा तिच्याआधी मीच. या महिन्यात चार पुस्तकं वाचायची ठरवली होती, एकही संपलं नाही. काल तुम्ही म्हणालात, "झेपत नाही तर सोडून दे ना ते मंडळ." पण सोडणार नाही. आज अर्ध्याच पुस्तकावर बोलेन, मंडळातल्या मोहिनीताई हसल्या तर हसू देत.

माझी खूण आहे तिथून वाचा. ती झोपली तरी थांबू नका. पुस्तकातली ती बाई माहेरून परत येते की नाही, ते मला संध्याकाळी सांगा.

मयुरी