डाव्या हाताची सही

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर बघून घाबरू नकोस, मीच आहे. डाव्या हाताने लिहितेय. उजवा प्लास्टरमध्ये आहे आणि दोन महिने तिथेच मुक्काम. या तीन ओळींना अर्धा तास लागला, तेव्हा पत्र उशिरा का म्हणून तोंड वाकडं करू नकोस.

मी कामाला जाते त्या लाँड्रीमागच्या गल्लीत एक खोली रिकामी होतेय. दोन खिडक्या, स्वतंत्र नळ आणि दाराला आतून लोखंडी आडणा. पिटुकलीला आणि मला पुष्कळ झाली. पण भाड्याच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या की खोली माझ्या नावावर हवी तर माझ्या नावावर सहा महिने वेळेवर फेडलेलं कार्ड नाहीतर कर्ज दाखव. पगाराची चिठ्ठी पुढे केली तर म्हणाल्या, ती सगळेच आणतात. म्हणून मी क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला आणि गाढवासारखा घरचा पत्ता दिला. नकाराचं पत्र थेट आमच्या साहेबांच्या, म्हणजे नवरोबांच्या, हातात पडलं.

नकाराचं कारण त्यातच होतं. माझ्या नावावर दोन कर्जं थकलीत, एक मोटरसायकलचं आणि एक टीव्हीचं. ताई, मी जन्मात कर्जाच्या कागदावर सही केलेली नाही! ही सही कोणाची, एवढंच मी विचारलं. तर त्याने कपाटातून कागद काढून दाखवला. हुबेहूब माझी सही, शेवटच्या अक्षराच्या शेपटीसकट. बारा वर्षं बघतोय, तुझ्यापेक्षा मला झोकात येते, असं वर छाती फुगवून सांगत होता. कागद घ्यायला मी हात पुढे केला तेव्हा त्याने कपाटाचं दार लावलं. लोखंडी कपाट. तीनदा लावलं, तिसऱ्या वेळी पाय देऊन दाबलं. दोन बोटं आणि मनगट मोडलं. पिटुकली बाहेर गृहपाठ करत होती, तिला वाटलं कुणाची तरी पट्टी मोडली.

माझ्याकडे ये, असं लिहू नकोस. मागच्या वेळी आले तर तो पहारीने तुझं दार फोडून मला केस धरून घेऊन गेला. तुझा पुढचा दात गेला तो माझ्यापायी. पोलिसांनी समज देऊन सोडलं आणि त्याची वसुली माझ्या पाठीवर झाली. मला त्याला ठाऊक नसलेलं दार हवंय, माझ्या नावाचं. मोबाईल त्याच्या खिशात असतो, म्हणून उत्तर लाँड्रीच्या पत्त्यावर टाक.

लोभ आहेच, तो वाढव आणि रागाने ब्लडप्रेशर वाढवू नकोस.

तुझी,
धाकटी

---

१० मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

ब्लडप्रेशर वाढवू नकोस म्हणे! तळपायाची आग मस्तकात गेली माझी. दिवसभर काउंटरवर बसून लोकांच्या पासबुकावर शिक्के मारले आणि प्रत्येक शिक्का त्या तुझ्या पैलवानाच्या टाळक्यात मारतेय असं समजून मारला. एकाचं पासबुक फाटलं. बँकेच्या साहेबांनी आत बोलावून विचारलं की बरं वाटत नाही का.

आता रडणं पुरे, नीट वाच. अठरा वर्षं बँकेत उगाच बसलेली नाही मी. नाव खराब झालेल्याला, किंवा नावच नसलेल्याला, एका प्रकारचं कार्ड मिळतं. बँकेत ठेव ठेवायची आणि त्या ठेवीच्या जोरावर कार्ड घ्यायचं. तू बुडवलंस तर बँक ठेव कापून घेणार, म्हणून ते तुझा इतिहास फारसा उकरत नाहीत. ते कार्ड सहा महिने वेळेवर फेडलंस की तुझ्या भाड्याच्या ऑफिसातल्या बाईंचं तोंड बंद. तुझी जादा पाळीची मजुरी लाँड्रीतल्या भट्टीवाल्या बाईंकडे खळीच्या डब्यात साठते ना? ती काढ. पत्ता लाँड्रीचा दे, घरचा दिलास तर मी स्वतः येऊन तुला बदडीन.

बदडीन हा शब्द खोडणार होते. राहू दे, तुला कळेल.

पिटुकलीला पापा. माया आहे तशीच आहे, शहाणपणाने वाग.

तुझी ताई

---

९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कार्ड मिळालं! निळं आहे, वर माझं नाव उठावाच्या अक्षरात, बोट फिरवलं की लागतं. भट्टीवाल्या बाई ठेवीचे पैसे घेऊन स्वतः माझ्याबरोबर बँकेत आल्या. त्यांचा अवतार बघून शिपायाने दार उघडून धरलं. काउंटरवर एक चष्मेवाला होता, भला माणूस. सही म्हणाला तेव्हा मी प्लास्टर दाखवलं. डाव्या हाताने करा, जी कराल तीच आम्ही नोंदवू, असं म्हणाला. चार कागद वाया घालवले ताई, घाम फुटला. शेवटी जी झाली ती मांजर शाईत पडून चालत गेल्यासारखी आहे. तीच नोंदली गेली.

कार्ड साबणाच्या डब्यात तळाशी ठेवलंय आणि महिनाभर त्याला हातही लावलेला नाही. शाबासकी दे. एक पैसा उधारी नाही.

घरचं काय सांगू. मागच्या रविवारी भाजी खारट झाली म्हणून त्याने उकळतं पातेलं भिंतीवर फेकलं. माझ्या मानेवर आणि पिटुकलीच्या पावलावर उडालं. ती रडली नाही, हे मला जास्त लागलं. चुपचाप जाऊन नळाखाली पाय धरला, जणू शाळेत शिकवलंय.

डाव्या हाताने पोळलेल्या मानेला मलम लावता येतं, हा एक फायदा.

माझ्यावर प्रेम आहे ते असू दे, उणं पडू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

---

१५ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

शाबासकी? कपाळ माझं! अगं बये, साबणाच्या डब्यात ठेवून कुणाचा इतिहास तयार होतो का? वापरलंसच नाही तर वेळेवर फेडलं हे बँक कशावरून सांगणार? एक महिना फुकट घालवलास. चूक माझी, मला वाटलं हे सांगायची गरज नाही. विसरले की आपल्या बापाने दुकानदाराची एका बिस्किटाची उधारीसुद्धा राहू दिली नाही आणि आपण त्याच्या पोरी.

आता दर महिन्याला त्यावर एकच वस्तू घे, लहानशी, जी तशीही घेतलीच असतीस. बिल आलं की पूर्ण भर, तारखेच्या आधी. त्यावर फ्रिज घ्यावा असं मनात आलं तर आरशासमोर उभी राहून माझं नाव घे.

आणि हे विसरू नकोस. प्लास्टर निघालं की आधी बँकेत जा आणि सही बदलून उजव्या हाताची नोंदव. नोंदीत एक सही आणि हातात दुसरी, यातून घोळ होतात. मी रोज बघते. माणसं स्वतःच्याच पैशासाठी काउंटरवर रडतात.

पिटुकलीच्या पावलाचं वाचून जेवण गेलं नाही. त्या नराधमाचे हात गळून पडोत. तुझ्यावर माझा जीव आहे, तो सांभाळ.

तुझी ताई

---

६ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज्ञेप्रमाणे दर महिन्याला कार्डावर अंगाचा साबण घेतेय. दुकानदार हसतो, एवढ्याशा खरेदीला कार्ड म्हणून. हसू दे. दोन बिलं भरली, दोन्ही तारखेच्या आठ दिवस आधी.

प्लास्टर निघालं, पण बोटं वाकडी जुळली. पेन धरलं की मधलं बोट वर उभं राहतं, भट्टीवाल्या बाई म्हणतात बँकेत असं करू नको. सही बदलायला गेले नाही. तू ओरडणार, माहीत आहे. पण उजव्या हाताने काढून बघितली तर दहादा गिरवावी तेव्हा एकदा जुन्यासारखी उतरते. आणि तो चष्मेवाला पुन्हा चार कागद देईल याची लाज वाटली. जाईन गं, जाईन.

परवा त्याने पट्ट्याने मारलं, बक्कल बाहेरच्या बाजूला ठेवून. का, ते मला अजून कळलेलं नाही. चादरींना इस्त्री करताना पाठ ओली होते आणि ब्लाउज चिकटतो. मी मोजत बसते, अजून चार बिलं. अजून चार.

ओरड, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी

---

३० सप्टेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. सही बदललीस की नाही या माझ्या बडबडीला कंटाळून लिहीत नसशील तर तसं एका ओळीत लिही, मी खूश होईन. लाँड्रीत फोन लावला तर घंटा वाजून वाजून बंद. पुढच्या आठवड्यात पत्र नाही आलं तर रजा टाकून निघतेय, मग तो माझा दुसराही दात पाडो.

जिवंत आहेस एवढं कळव.

तुझी ताई

---

८ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जिवंत आहे. तीन बरगड्या मोडल्यात, पिटुकलीच्या भुवईवर सहा टाके आहेत. आम्ही लाँड्रीच्या घड्यांच्या खोलीत राहतोय, चादरींच्या गठ्ठ्यांवर. फोन बिघडलाय. आता लांब श्वास घेता येतो, म्हणून लिहायला बसले.

ठेवीची पावती मी पिटुकलीच्या चित्रकलेच्या वहीच्या कव्हरात ठेवली होती. एका रविवारी दुपारी तिच्या चित्राला हसायला म्हणून त्याने वही उघडली. ताई, माझ्या नावावर पैसे आहेत आणि त्याला माहीत नाही, हे त्याला फार झोंबलं. मग इस्त्री उचलली. गरम नव्हती, हे नशीब. खांद्यावर, पाठीवर, आणि मी पडल्यावर बुटाने बरगड्यांत. मोडल्या तेव्हा आतून कळलं. पिटुकली त्याच्या मनगटाला चावली आणि रक्त येईपर्यंत सोडलं नाही. त्याने तिला झटकलं ती बेसिनच्या कडेवर आपटली. तिचा चेहरा लाल झाला आणि मला वाटलं डोळा गेला.

मग त्याने कागद आणला. कार्ड बंद करून ठेव मोडण्याचा अर्ज. मी सही करीना, आणि वाकड्या बोटांनी करूही शकत नव्हते. तो हसला. तुझी गरजच काय, म्हणाला, आणि माझ्यासमोर झोकात सही ठोकली, शेपटीसकट. सोमवारी सकाळी आम्हाला न्हाणीघरात कोंडून बँकेत गेला. फरशीवर पडल्या पडल्या मी म्हटलं, संपलं. चार बिलं, सगळा घाम, खोली, सगळं गेलं.

पुढचं चष्मेवाल्याने सांगितलं. त्याने अर्ज घेतला, नोंद काढली आणि सही जुळत नाही म्हणाला. आमचे साहेब म्हणाले, नीट बघ, बायकोची सही मी ओळखत नाही का. चष्मेवाला म्हणाला, नाही जुळत. तर या शहाण्याने काउंटरवरचं पेन उचललं आणि त्याच्या डोळ्यांदेखत सही काढून दाखवली, ही बघ, माझी बायको अशी करते म्हणून! एकदा नाही, तीनदा. वर कॅमेरा चालू. चष्मेवाल्याला माझं प्लास्टर आणि वाया गेलेले चार कागद आठवले. त्याने कागद खणात टाकला आणि मॅनेजरला हाक मारली. मग आमच्या साहेबांनी काउंटरची काच मुठीने फोडली, चष्मेवाल्याला गळपट्टी धरून तुटक्या काचेवरून ओढलं, त्याचं नाक फोडलं. शिपाई आणि चार गिऱ्हाइकांनी मिळून त्याला खाली दाबलं तोवर फरशी रक्ताने माखली होती.

तेव्हापासून तो आत आहे. बारा वर्षं माझी हाडं मोडत होता तेव्हा समज देऊन सोडत होते. बँकेची काच फुटली आणि जामीनही मिळेना. हसावं की रडावं, सांग.

मी कामाला आले नाही म्हणून भट्टीवाल्या बाई निखारे ओढायची सळई घेऊन घरी आल्या आणि कड्या तोडून आम्हाला बाहेर काढलं. त्याच सळईने त्यांनी टीव्हीही फोडला. उगाच.

पाचवं बिल भरलंय. हॉस्पिटलातून भट्टीवाल्या बाईंच्या हाती पैसे देऊन, तारखेच्या एक दिवस आधी.

तुझी,
धाकटी

---

१४ ऑक्टोबर

धाकटे,

आशीर्वाद-बिशीर्वाद नंतर. काउंटर बंद करून मागच्या खोलीत जाऊन ओक्साबोक्शी रडले, हे तुला सांगतेय, दुसऱ्या कुणाला सांगू नकोस.

सही बदल, सही बदल म्हणून मी तीन पत्रांत तुझं डोकं खाल्लं. माझं ऐकलं असतंस तर त्याची सही जुळली असती. पहिल्यांदाच माझं ऐकलं नाहीस म्हणून देवाचे आभार मानतेय. अठरा वर्षांच्या नोकरीत असा नियम मोडल्याचा आनंद मला झाला नव्हता.

तीनदा काढलेली ती सही बँकेकडून पोलिसांकडे गेली असेल. त्या दोन कर्जांवरची सही ताडून बघा, असा अर्ज मी लिहून पाठवतेय, सोबत आहे. डाव्या हाताने सही कर. शनिवारी मी येतेय, चार दिवस राहणार. माझ्यासाठी एक गठ्ठा मऊ चादरींचा ठेव.

तुझी ताई

---

२८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सहावं बिल भरलं आणि खोली मिळाली. करारावर सही केली तेव्हा भाड्याच्या ऑफिसातल्या बाईंनी दोनदा वर बघितलं, हीच का सही म्हणून. हीच, म्हटलं. आता हीच. कर्जांची चौकशी सुरू झालीय, एकाची वसुली तुझ्या अर्जाने थांबली. आडणा लावून लिहितेय. तू आणलेला टेबलक्लॉथ घातलाय, खिडकीपाशी. आमचे साहेब तुरुंगातून कधी सुटतील ते वकिलालाही सांगता येत नाही, पण हे दार त्याला ठाऊक नाही.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. काल पिटुकली समोर बसून माझ्या बिलाच्या पाठीवर स्वतःचं नाव गिरवत होती. एक ओळ उजव्या हाताने, एक ओळ डाव्या हाताने, मन लावून. मी कौतुकाने विचारलं की हे कशाला गं. ती मान वर न करता म्हणाली, कुणी एक हात मोडला तर दुसरा तयार पाहिजे ना.

मी तिचे दोन्ही हात धरून बसून राहिले, ताई. तू लवकर ये.

लोभ तर आहेच, येताना तिच्यासाठी रंगाची पेटी आण.

तुझी,
धाकटी