परत येण्याचा पुरावा

नाशिकरोड,
५ ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लेखी कळवतो. फेब्रुवारीत मी आणि फारुख इटलीला चाललो आहोत. तिथे बर्फावरच्या खेळांचं ऑलिम्पिक आहे. तिकिटं काढून झाली आहेत, तेव्हा जाऊ नको हे सांगण्यात शाई घालवू नकोस.

आम्ही बघणार आहोत तो खेळ असा. एक जण मूठ लावलेला जड दगड बर्फावरून हळूच सोडतो आणि त्या दगडापुढे दोघं झाडू मारत पळतात. हसू नकोस. सोडणारा सोडून मोकळा होतो, दगड कुठवर जाणार ते झाडणारे ठरवतात. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी आणि फारुखने पहिली अकरा वर्षं कोळशाच्या पट्ट्याखाली झाडू मारला. साहेब वळून बघायचा तो फक्त राहिलेला कचरा दाखवायला. कँटीनच्या टीव्हीवर एकदा हा खेळ लागला होता. झाडणाऱ्यांच्या गळ्यात पदक घातलेलं बघून फारुखचा चहा हातातच गार झाला. रिटायर झालो की जायचं, हे आमचं तेव्हाच ठरलं. रमजानच्या आधी परतायचं असल्याने मुक्काम आठवडाभराचाच आहे.

गुडघ्याला तेल लाव. रागावलीस तरी लोभात कपात करू नकोस.

तुझा,
पुंजा


मनमाड,
१४ ऑक्टोबर २०२५

चि. पुंजास,
अ. उ. आ.

दिवाळी तोंडावर आली आहे. झाडू मारणारी माणसं बघायची असतील तर मनमाडला ये, तिकीट लागत नाही. पन्नास वर्षं मी हे अंगण झाडते आहे, मला कोणी इटलीला बोलावलं नाही.

साठी उलटली तरी तुझं खूळ काही जात नाही. पण जाणारच असशील तर रीतीने जा. आपले तात्या काशीला निघाले तेव्हा आधी सगळं तुझ्या नावावर करून मोकळे झाले. मागे एक पाश ठेवला नाही, म्हणून यात्रा निर्विघ्न पार पडली. तुझी कला जाऊन सहा वर्षं झाली, तुला आता विचारायचं तरी कोणाला आहे? घर आणि शेताचा तुकडा शेखरच्या नावावर करून टाक. उद्या बर्फावर घसरलास तर लेकराला कचेऱ्यांचे उंबरे झिजवायला नकोत.

तुझ्यासाठी गोधडी शिवते आहे. तिथे परक्या पांघरुणात झोपू नकोस. माया आहे म्हणून बोलते, नाहीतर मला काय पडलंय.

तुझी,
अक्का


नाशिकरोड,
११ डिसेंबर २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझ्या सांगण्याप्रमाणे दिवाळी झाल्याबरोबर बक्षीसपत्र करून घर आणि शेत शेखरला दिलं. मग व्हिसाचा अर्ज टाकला. फारुखचा व्हिसा आला, माझा नाकारला. कारण लिहिलंय की हा गृहस्थ परत जाईल याची खात्री वाटत नाही.

एजंटने माझे कागद चाळले आणि म्हणाला, काका, नोकरी नाही, बायको नाही, घर नाही, शेत नाही, पेन्शन काय कुठेही बसून खाता येते, मग तुम्ही परत याल कशाला? अक्का, आपल्याकडे पाश तोडून यात्रेला निघतात, त्यांच्याकडे पाश दाखवल्याशिवाय आत घेत नाहीत. फारुखच्या नूरबानोने त्याला घरातली खुर्चीसुद्धा कोणाच्या नावावर करू दिली नव्हती. ती आता गल्लीत सगळ्यांत शहाणी ठरली आहे.

घर पुन्हा नावावर करून घ्या, परत अर्ज करू, असं एजंट म्हणतो. पण दिलेलं परत कोणत्या तोंडाने मागू? शेखरपुढे यातलं काही बोलायचं नाही, तुला माझी शपथ आहे. फारुखला म्हटलं, तू जाऊन ये. तो म्हणाला, एकट्याने काय बघू, झाडायला दोघं लागतात.

मला फार वाईट वाटलं आहे. दुसऱ्या कोणाला हे सांगता येत नाही. तुझा लोभ तेवढा नाकारू नकोस.

तुझा,
पुंजा


मनमाड,
१६ डिसेंबर २०२५

चि. शेखरास,
अ. उ. आ.

तुझ्यापुढे काही बोलायचं नाही अशी तुझ्या बापाने मला शपथ घातली आहे. लिहिण्याबद्दल तो काही म्हणाला नाही, म्हणून लिहिते.

त्याचं इटलीला जाणं अडलं आहे आणि ते माझ्यामुळे. घर तुझ्या नावावर कर हे शहाणपण मीच शिकवलं. आता व्हिसावाल्यांना वाटतं, या माणसाचं मागे काहीच नाही. घर त्याच्या नावावर परत झालं तर पुन्हा अर्ज करता येईल, पण तो मागणार नाही. लहानपणी भूक लागली तरी भाकरी मागायचा नाही, चुलीपाशी येऊन बसायचा.

तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही. जमणार नसेल तर तसं कळव. मी रागावेन, पण एकदाच.

तुझी,
आत्या


नाशिकरोड,
२७ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न.

अण्णांनी घर दिलं तेव्हा मला विचारलंही नव्हतं, इथे सही कर म्हणाले. त्या दिवसापासून ते घरात पाहुण्यासारखे वावरत होते. मागच्या महिन्यात आईचा फोटो लावायचा होता, तर मला कामावर फोन करून विचारलं, खिळा ठोकू का? आत्या, ते घर त्यांनी बांधलं आहे.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात सुट्टी टाकून त्यांना रजिस्ट्रार ऑफिसला नेलं आणि सगळं परत त्यांच्या नावावर केलं. घरी आल्यावर त्यांनी कोणाला न विचारता भिंतीत तीन खिळे ठोकले. त्यातला एक चुकला आहे, तो मी तसाच ठेवणार आहे.

आता एक काम तुझ्याकडे. अण्णा परत का येतील हे जवळच्या माणसाने लिहून दिलं तर बरं, असं एजंट म्हणतो. ते तू लिही, इंग्रजी मी करतो. आशीर्वाद चालू ठेव.

तुझा,
शेखर


मनमाड,
२ जानेवारी २०२६

मा. व्हिसासाहेब यांस,
स. न. वि. वि.

पुंजा हा माझा धाकटा भाऊ. सातवीत नापास झाला तेव्हा घर सोडून पळाला होता, तो चांदवडहून जेवायला परत आला. त्यापुढे पळून जाण्याची त्याची झेप नाही. कढी त्याला फक्त माझ्या हातची चालते. माझं लग्न झाल्यापासून त्याची एकही भाऊबीज चुकलेली नाही. एकदा पायाला प्लास्टर होतं तरी मालगाडीच्या गार्डला गळ घालून आला.

घराचे आणि शेताचे कागद सोबत जोडले आहेत, ते बघावेत. पण तो परत येईल तो कागदांसाठी नाही. मी बहात्तर वर्षांची आहे आणि त्याची वाट बघते, हे कारण तुमच्या रकान्यात बसत असेल तर लिहून घ्यावं. इतकं करून तो आला नाही तर मी स्वतः न्यायला येईन. मग मलाही व्हिसा द्यावा लागेल, याचा विचार व्हावा.

आपली,
चतुराबाई


कोर्तिना, इटली,
१३ फेब्रुवारी २०२६

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

या पत्राचा फोटो तुझ्या नातीच्या, आरोहीच्या फोनवर पाठवतो. पडद्यावरचं तुला दिसत नाही, ती वाचून दाखवेल.

पहिल्याच दिवशी रस्त्यात आपटलो. गोधडी अंगाभोवती होती म्हणून हाड वाचलं. ती पांघरूनच मैदानात जातो, शेजारची एक आजी रोज टाके मोजते.

काल खेळ बघितला. दगड बरोबर जागी थांबला आणि लोकांनी तो सोडणाऱ्यासाठी टाळ्या वाजवल्या. आम्ही दोघं थांबलो. झाडणारे झाडू घेऊन धापा टाकत परत निघाले, तेव्हा उभं राहून वाजवल्या. लोक आमच्याकडे बघायला लागले, मग ती गोधडीवाली आजी उठली आणि तीही वाजवायला लागली. फारुख रडला. थंडीने डोळ्याला पाणी येतं, म्हणाला. मीही तेच म्हणालो.

मग तुझं अंगण आठवलं. थोड्या टाळ्या तुझ्या नावानेही वाजवल्या आहेत. पोहोचल्या की कळव, आणि लोभ गरम ठेव, इथे फार थंडी आहे.

तुझा,
पुंजा


मनमाड,
१५ फेब्रुवारी २०२६

चि. पुंजास,
अ. उ. आ.

हे पत्र नाशिकरोडला पाठवते, तू घरी आलास की मिळेल. यात्रेच्या मावंद्याचं जेवण घालायचं आहे. फारुख आणि नूरबानोला रोजे लागायच्या आत घेऊन ये. कढी मी करते.

तुझं पत्र आरोहीने दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मीच सांगितलं. आज सकाळी अंगण झाडून झाल्यावर झाडू टेकवला आणि जरा उभी राहिले. समोरच्या कुसाबाईने विचारलं, कंबर धरली का? मी म्हटलं, नाही गं, टाळ्या ऐकते आहे.

आता लवकर ये. तू परत येशील असं मी लिहून दिलं आहे.

तुझी,
अक्का