शेजारची दिग्दर्शिका

६ सप्टेंबर, शनि.
गराजमध्ये तालीम. दोन्ही गाड्या बाहेर रस्त्यावर. मंडळाचा दिवाळी कार्यक्रम ८ नोव्हेंबरला आणि आमचा पहिला प्रवेश अजून उभा राहत नाहीये. नाटक लिहिलंय मीच, बसवतेयही मीच. सांगलीची म्हणजे नाटक रक्तात असणार, असं इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये, सगळे धरून चालतात. रक्तात असेल. गराजमध्ये दिसत नाही.

उकाडा होता म्हणून दार वर केलेलं. शेजारच्या मेव्हची आई ड्राइव्हवेवर येऊन उभी राहिली. ब्रीड नाव. मेव्हने तिला ग्रीन कार्डवर आयर्लंडहून आणलंय, नातीला सांभाळायला. पासष्टीची असेल, पांढरे केस मुलासारखे बारीक कापलेले, कडेवर दोन वर्षांची ओर्ला. मला वाटलं, आवाजाची तक्रार. सॉरी म्हणायला गेले तर आठवलेकाकांकडे बोट दाखवून विचारते, "तो उंच माणूस खोटं बोलतोय का?"
काका थोरल्या भावाचं काम करतात. म्हटलं, हो, त्या वाक्यात तो आईशी खोटंच बोलतोय.
"मग छान. पण पुढच्या वाक्यातही बोलतोय."
पुढच्या वाक्यात त्याने खरं बोलायला हवंय! तिला मराठीचा एक शब्द येत नाही. मी हे महिनाभर ऐकतेय आणि मला कळलं नाही.

७ सप्टें., रवि.
मेव्हला विचारलं. म्हणाली, मॅम (आईला ती असंच म्हणते) आयुष्यभर नाटकंच बसवायची, तिकडे पश्चिम किनाऱ्यावर एका कोळ्यांच्या गावात स्वतःची कंपनी होती. मग म्हणाली, "पण आता ती रिटायर्ड आहे, अनघा. प्लीज." हसत म्हणाली, पण प्लीज जरा जोरात होतं.

१३ सप्टें., शनि.
मी ओढलं नाही! तीच आली, स्वतःची घडीची खुर्ची घेऊन. ओर्ला झोपली होती म्हणे.

नाटक सांगितलं तिला. वडील गेल्यावर तीन भावंडं तीन देशांतून व्हिडिओ कॉल करतात, आईला कुणी ठेवून घ्यायचं ते ठरवायला. आई शेजारच्या खोलीत बसून सगळं ऐकते. ब्रीड म्हणाली, "मग हे तिघं एकमेकांकडे बघतायत कशाला? वेगवेगळ्या देशांत आहेत ना?" उठली आणि तिघांना पाठीला पाठ लावून स्टुलांवर बसवलं. समोर भिंत, नजर कुणाला द्यायची नाही, फक्त ऐकायचं.
आठवलेकाका नागपूरचे. पुटपुटले, "काय करून राहिली ही बाई!"
पण मग तोच प्रवेश सुरू झाला आणि माझ्या अंगावर काटा. काका पहिल्यांदा दुसऱ्याचं बोलणं पूर्ण ऐकून मग बोलले. एरवी ते आपल्या वाक्याची नुसती वाट बघत असतात.
हे माझं नाटक आहे? हे मी लिहिलंय? यार!

१४ सप्टें., रवि.
श्रीने नवऱ्याच्या हक्काने विचारलं, तुला वाईट नाही वाटत? तुझ्या हातातून गेलं. थोडं वाटलं. खोटं कशाला लिहू. पण काल रात्रभर झोप नव्हती ती आनंदाने.
ठरलं. ती बसवणार, मी तिची दुभाषी.

२४ सप्टें., बुध.
ऑफिसात गाड्यांच्या ब्रेक टेस्टिंगचे रिपोर्ट आणि डोक्यात दुसरा प्रवेश. तेवढ्यात माधुरीचा फोन. आईचं काम करणारी माधुरी. नवऱ्याची बदली, टेक्सासला, पुढच्या आठवड्यात. रडत होती बिचारी. आता आई कुठून आणू?

२७ सप्टें., शनि.
कमाल झाली.
माधुरी नाही म्हणून तिच्या जागी मी नुसती वाचत होते. आमच्या आई (सासूबाई, जूनमध्ये साताऱ्याहून आल्यात, डिसेंबरात परत) दाराशी बसून मटार सोलत होत्या. काकांचं ते वाक्य आलं, "आईला इथं करमणार नाही." ब्रीडने माझा दंड धरला. "तिचे हात बघ." आईंचे हात थांबले होते. शेंग अर्धी उघडलेली.
ब्रीड म्हणाली, "ही. हीच."
आई: "काहीतरीच काय! साताऱ्यात कळलं तर लोक म्हणतील, म्हातारी अमेरिकेत जाऊन नाचायला लागली."
तरी उठल्या. पदर खोचला. ब्रीडने सांगितलं, काही करू नका, मटारच सोला.
श्री आत क्रिकेट बघत होता. आईचा आवाज ऐकून बाहेर आला आणि तिथेच उभा राहिला. त्याचे बाबा गेल्यावर तो आणि धाकटा भाऊ असेच फोनवर बोलत होते. नाटक तिथूनच आलंय, हे त्याला माहीत आहे. मी कधी बोलले नाही, त्यानेही नाही.

५ ऑक्टो., रवि.
ब्रीडला घेऊन ग्रोसरीला. गाडीत बोलायला लागली आणि मी एक एक्झिट पुढे गेले.

शाळेत शिकवायची. चर्चच्या हॉलमध्ये पहिलं नाटक, नट सगळे शेतकरी. संध्याकाळी गाईंचं दूध काढून झालं की तालमीला. पाद्रीबाबांनी दुसऱ्या नाटकाला हॉल नाकारला, तर मासे साठवायची एक जुनी शेड मिळवली. तिथेच कंपनी. "पावसाळी दिवसांत प्रेक्षागृहाला बांगड्याचा वास," म्हणाली. "लोक म्हणायचे, नाटक कसं का असेना, भूक लागते." व्हॅनमधून गावोगाव दौरे. नवरा शेडमध्ये लाइट्स बघायचा, दौऱ्यांच्या वेळी मेव्हजवळ घरी. मग डब्लिनच्या मोठ्या थिएटरने बोलावलं. एकदाच.
"मग?"
"पडलं. जोरात पडलं. पेपरवाल्यांनी लिहिलं, खेड्यातली बाई खेड्यातच बरी. आणि मी ते ऐकलं. माझी चूक ती, नाटक नव्हे."
पुन्हा कुणी बोलावलं नाही, तिनेही कुणाला विचारलं नाही. शेडच्या जागी सुट्टीला येणाऱ्यांचे फ्लॅट झाले, नवरा गेला, ही इथे आली.
हे शेवटचं सगळं दुकानात भोपळी मिरच्या निवडत, एकदम मजेत. सगळ्याच्या शेवटी तिचा नेहमीचा शब्द, "ग्रँड", म्हणजे छान चाललंय.

१८ ऑक्टो., शनि.
आज पहिल्यांदा सगळं नाटक सलग. चुका खूप, पण धावलं! आई आता ब्रीडशी सरळ मराठीत बोलतात, ती त्यांच्याशी इंग्लिशमध्ये, आणि दोघींचं जमतं. ब्रीडला वाटतं, आई हेच त्यांचं नाव. "आयी, डार्लिंग, स्लो." आई म्हणतात, "बरं बाई, सावकाश."
आईंना मधेच वाक्य आठवेना, त्या कावऱ्याबावऱ्या. ब्रीड म्हणाली, विसरलात तर गप्प उभ्या राहा. लोक थांबतात. घाई आपल्यालाच असते.

२५ ऑक्टो., शनि.
तालमीत ब्रीडचा फोन सारखा वाजत होता. घेतला, बाहेर गेली, परत आली तर चेहरा पांढरा.
शिकागोहून. पॉल नावाचा माणूस, तिथे एक छोटं थिएटर चालवतो. पंधरा वर्षांचा असताना तिच्या माशांच्या शेडमध्ये पहिल्यांदा स्टेजवर उभा राहिला होता. त्यांचा दिग्दर्शक नाटक सोडून गेलाय, दोन बहिणींचं नवं आयरिश नाटक, ७ डिसेंबरला पहिला प्रयोग, तिकिटं विकली गेलीत. त्याला ब्रीडच हवी. ३ नोव्हेंबरला हजर.
शिकागो! खरं थिएटर! मी ओरडलेच. मग डोक्यात आलं, आमचा प्रयोग ८ ला.
ती म्हणाली, "मी त्याला नकार दिलाय."
नकार आमच्यासाठी नव्हता. चेहऱ्यावर दिसत होतं. घाबरली होती.

२६ ऑक्टो., रवि.
मेव्ह आली, डोळे लाल. ती आणि तिचा नवरा दोघंही हॉस्पिटलात, ड्यूट्या उलटसुलट, ब्रीड गेली तर ओर्लाचं काय. पण खरं तेवढंच नव्हतं.
"माझ्या लहानपणी ती कधी घरी नव्हती, अनघा. शाळेतून आले की बाबा. वाढदिवसाला दौरा. आता ओर्लाला तरी ती मिळतेय."
चहा केला. आई तिच्याजवळ बसल्या. कितपत कळलं कुणास ठाऊक.

२८ ऑक्टो., मंगळ.
आईंनी आज मला ओढत शेजारी नेलं. "मी बोलते, तू इंग्लिश कर."
ब्रीड ओर्लाला भरवत होती, मेव्ह कामावर निघायच्या गडबडीत. आई उभ्याउभ्याच सुरू.
"जा की. कुणाची वाट बघतीस?"
मी इंग्लिश केलं. ब्रीड म्हणाली, "आणि तुमचा प्रयोग?"
"आमचा आम्ही करू. सांगितलंस ते ध्यानात आहे."
"ओर्ला?"
"मी आहे की चौदा डिसेंबरपर्यंत. दिवसभर करते काय मी? पोरगी माझ्याकडं राहील."
मग मेव्हकडे वळल्या. हेही मीच इंग्लिश केलं. "तुझी आई तुला मिळाली नाही, ते खरंच आहे. पण आता तिला धरून ठेवलंस तर ती नुसती घरात असेल, मिळणार नाही."
मेव्ह गाडीची किल्ली घेऊन निघून गेली.
ब्रीडने चमचा खाली ठेवला. बराच वेळ ओर्लाची हनुवटी पुसत राहिली. पुसायला काही नव्हतं. मग फोन उचलला आणि पॉलला म्हणाली, "अजून हवी आहे का मी?"
पलीकडून जे ओरडणं आलं ते आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं!!

२ नोव्हें., रवि.
शेवटची तालीम तिच्यासमोर. थंडी, गराजमध्ये हीटर लावलेला. नोट्स फार नाहीत. काकांना म्हणाली, "तुम्ही आता ऐकता. ते सोडू नका." काका चक्क तिच्या पाया पडले. ती गोंधळून त्यांच्याच समोर वाकली.
मला म्हणाली, "दिग्दर्शकाचं काम आता संपलं. शनिवारी तू मागे उभी राहा आणि हात खिशात ठेव."
उद्या सकाळची ट्रेन. मेव्ह सोडायला जाणार आहे की नाही, माहीत नाही.

३ नोव्हें., सोम.
श्रीने सोडलं. मेव्हची ड्यूटी होती. होती का?

८ नोव्हें., शनि.
झालं!! उशीर झालाय, तरी लिहिणारच.

शाळेचं ऑडिटोरियम भरलेलं. फराळाच्या डब्यांचे आवाज, पोरं पळतायत. पहिली पाच मिनिटं कुणी ऐकतच नव्हतं. मी मागे उभी, हात खिशात, मुठी आवळून. मग ते पाठीला पाठ लावून बसलेले तिघं बोलायला लागले आणि हळूहळू हॉल शांत होत गेला. माझ्या शेजारचा एक मुलगा, इथेच जन्मलेला, बापाला विचारतो, "व्हाय वोन्ट दे लुक ॲट ईच अदर?" बापाने त्याला मांडीवर ओढून घेतलं.
शेवट. आईंचं वाक्य, "मी कुठंच जाणार नाही." आई पुढे आल्या. आणि गेलं! वाक्य गेलं. मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. काका घामाघूम. आई उभ्या. गप्प. लोक थांबले. खरंच थांबले.
मग त्या अगदी घरच्यासारखं म्हणाल्या, "माझं जेवण झालंय. तुम्ही तुमचं ठरवून घ्या." आणि आत निघून गेल्या.
माझ्या संहितेत हे नाही. मला सुचलंच नसतं.
आधी हशा आला, मग एकदम काहीच नाही, मग टाळ्या. टाळ्या थांबेनात.

गाडीत श्रीने विचारलं, "आई, तुला कुठे राहायचंय गं?"
"आता विचारलंस होय." खिडकीबाहेर बघत होत्या. "सातारला. पण विचारलंस ते बरं केलंस."

९ नोव्हें., रवि.
ब्रीडला फोन. सगळं सांगितलं, आईंचं वाक्य दोनदा. इतकी मोठ्याने हसली की मागे तालमीतले नट विचारायला लागले. तिचं कसं चाललंय? "भयंकर. थोरली बहीण रडतेय खूप सुंदर, मला ते नकोय." आवाजच वेगळा! वीस वर्षांनी लहान.
ओर्लाचं विचारलं. मेव्हचं नाही.

२० नोव्हें., गुरु.
ओर्ला आता "दे" आणि "नको" म्हणते. मेव्ह रोज संध्याकाळी तिला न्यायला येते आणि बसते थोडी. आईंच्या हातचं पिठलं आवडलंय तिला. आज सहज विचारल्यासारखं म्हणाली, "शिकागोला तुम्ही सगळे जाणार?" हो म्हटलं. तिने ओर्लाला बूट घातले आणि निघाली.

७ डिसें., रवि.
शिकागो. मध्यंतर. कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर लिहितेय, आठवलेकाकांच्या पेनने. घरी जाऊन लिहिलं तर हे असं राहणार नाही.

दुपारचा प्रयोग. थिएटर लहान, छत बुटकं, पत्रिकेवर तिचं नाव ठळक. काल आलो तेव्हा भेटली, दोन मिनिटं. बारीक झालीय, डोळे लकाकतायत. म्हणाली, समीक्षक पहिल्याच प्रयोगाला येणार. काय लिहितील? "काहीही लिहूदेत. यावेळी मी वाचणार नाही." मग, "वाचेन. पण दुसऱ्या दिवशी."

पहिला अंक काय झाला! दोघी बहिणी एक चादर घडी घालतात आणि त्यातच सगळं भांडण. कुणी आवाज चढवत नाही. मी खुर्चीच्या टोकावर. आईंना इंग्लिश कळत नाही, पण मधेच माझ्या कानात म्हणाल्या, "धाकटी घर सोडणार." हो! सोडणार!
पण लोकांचं काही कळत नाहीये. दोन ठिकाणी हसायला हवं होतं तिथे शांतता. अंक संपला तर टाळ्या बेताच्या. माझ्या मागे चष्मेवाला गृहस्थ पूर्ण वेळ लिहीत होता, चेहऱ्यावर काही नाही. श्री म्हणतो, लोक हादरलेत. काका म्हणतात, लोकांना आवडून नाही राहिलं.

मेव्ह आलीय. एकटीच, ओर्ला बापाकडे. आमच्या पुढे दोन रांगा सोडून बसली होती, आम्हालाही माहीत नव्हतं. ड्यूटी बदलून घेतली म्हणाली. ब्रीडला अजून कळलेलं नाही.

ब्रीड जिन्याजवळ दिसतेय, पॉल तिच्या कानात काहीतरी सांगतोय, ती मान हलवतेय, हो की नाही ते इथून समजत नाही. मेव्हने कॉफीचा कप माझ्या हातात दिला आणि तिकडे निघालीय. गर्दी आहे. ब्रीडने अजून वर पाहिलेलं नाही.

घंटा झाली. सगळे आत चाललेत, आई माझी बाही ओढतायत, आणि गर्दीत त्या दोघी मला दिसेनाशा झाल्यात.