चारशे बारा नंबरचा कॅमेरा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कॅमेरे दुरुस्त करणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवीत आहे. उजव्या हाताला कंप आहे, म्हणून ओळी तिरक्या गेल्या आहेत. त्यावरून कोणी माझ्या डोक्याचा अंदाज बांधू नये, ते ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातले वा धाक दाखवला म्हणून मी हे लिहीत नाही. तसे करायला घरात कोणी नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. वारस. मी लग्न केले नाही. का केले नाही असे विचारणारी माणसे एकेक करून गेली, आता कोणी विचारत नाही. आईवडील नाहीत. एक सख्खा धाकटा भाऊ आहे, याच शहरात. बावीस वर्षे आमचे बोलणे नाही.

कलम २. जागा. पुढे दुकान, मधे पडदा, मागे खाट, अशी ही एकच जागा असून ती माझी स्वकष्टार्जित आहे. ती माझ्यामागे शेजारच्या शिंप्यास द्यावी. सकाळी माझे शटर वर गेल्याचा आवाज आला नाही की तो भिंतीवर कात्री ठोकतो, आणि मी आतून हातोडीने दोनदा उत्तर देतो. अकरा वर्षांत आमच्यात याहून मोठे संभाषण क्वचितच झाले आहे. पण माझ्या असण्या-नसण्याची रोज चौकशी करणारा तो एकटाच. खाट मात्र मोडीत काढावी. तिने माझी पाठ घालवली, त्याची कशाला?

कलम ३. हत्यारे. चिमटे, पेचकस, भिंगे, शटरचा वेग मोजायचे यंत्र, आणि माझ्या तीन वह्या, हे सर्व कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये फिल्म धुणाऱ्या ताईस द्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. दुपारी लॅबमध्ये काम नसले की ती माझ्या बाकाशी येऊन बसते. पहिल्या दिवशी तिने विचारले होते, "काका, जितका जुना तितका महाग, असंच ना?"

"असं असतं तर मी कधीच विकला गेलो असतो," मी म्हणालो.

ती हसली. ताई, वह्यांत सगळे आहे, तरी थोडक्यात लिहितो. कॅमेऱ्याला किती वर्षे झाली याने फारसे काही ठरत नाही. लाखांच्या संख्येने निघालेला कॅमेरा साठ वर्षे जुना झाला तरी कपाट अडवण्यापलीकडे त्याला भाव नसतो. कारखान्यातून तो पहिल्या खेपेला निघाला की दहाव्या, हे बघ. ते अंगावरच्या नंबरावरून कळते, आणि नंबर खोडसाळपणे बदलला असेल तर स्क्रू आणि आकड्यांच्या वळणावरून. मग स्थिती. भिंगात बुरशी आहे का, शटरच्या पडद्याला भोक आहे का, एक सेकंदाचे शटर खरोखर सेकंदाला बंद होते का. वापरून कडेचा रंग उडालेला असला तर घाबरू नकोस, संग्राहक उलट तेच शोधतात. नव्याने रंगवलेला दिसला तर मात्र हात आखडता घे. आणि जे दिसेल ते सगळे गिऱ्हाइकाला सांग. का, ते पुढच्या कलमात येते.

कलम ४. चारशे बारा नंबरचा कॅमेरा. लोखंडी पेटीत वरच्या कप्प्यात, निळ्या फडक्यात आहे. तो माझा नाही, माझ्याजवळ फक्त ठेवलेला आहे, असे समजावे.

बावीस वर्षांपूर्वी हे दुकान आम्ही दोघे भाऊ मिळून चालवीत होतो. पुढे गिऱ्हाईक त्याचे, मागे बाक माझा. एका सकाळी भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका आल्या. यजमान वारून वर्ष झाले होते, त्यांचा कॅमेरा पिशवीत होता. भावाने तो माझ्याकडे आत पाठवला. मी तळाचा पत्रा काढला, नंबर पाहिला, आणि हातातला पेचकस खाली ठेवला. चारशे बारा. पहिल्या वर्षातला. पुढे त्या बनावटीचे हजारो निघाले, पण पहिल्या खेपेचे पाचशेसुद्धा नव्हते. त्या खेपेतला एकही मी तोवर हातात धरला नव्हता.

बाई पडद्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. "यांना ह्याचं फार कौतुक होतं हो. पुसायलासुद्धा मला हात लावू द्यायचे नाहीत. खरंच काही आहे का त्यात, की आपलं उगाच?"

त्यांच्या मागून भाऊ माझ्याकडे पाहत होता. त्याला माझ्या चेहऱ्यावरून कळले होते. त्याने नको अशी मान अगदी थोडी हलवली.

मी म्हणालो, "भिंगात बुरशी आहे. शटर अडकतंय."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्या दिवशी मी खोटा शब्द एकही बोललो नाही. बाई म्हणाल्या, "तरी मी म्हणतच होते," आणि साध्या जुन्या कॅमेऱ्याचा भाव घेऊन रिकामी पिशवी घडी घालत पायऱ्या उतरल्या. मी बुरशी साफ केली, शटर मोकळे केले, आणि सवयीप्रमाणे तळाच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला सुईने तारीख कोरली. महिन्याभरात भावाने तो परगावच्या एका संग्राहकाला विकला. किती मिळाले ते मी विचारले नाही. आठ दिवस जेवण गेले नाही, तेव्हा म्हणालो, "बाईंना जाऊन सांगू या."

"काय सांगायचं? फसवलं म्हणून?"

"तू फसवलंस."

तो कपाट लावत होता. वळून म्हणाला, "दादा, तुला एवढंच वाटत होतं, तर तेव्हा का नाही बोललास? मी तर फक्त मान हलवली. तोंड तुझं होतं."

मी त्याला निघून जा म्हणालो. तो गेला. त्यानंतर जो भेटेल त्याला मी भावाच्या लबाडीची गोष्ट सांगत आलो. त्या गोष्टीत मी पडद्यामागे बसून काम करीत असे, आणि मला काही ठाऊक नसे. इतक्यांदा सांगितली की मलाही ती खरी वाटू लागली. त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो नाही. त्याची बायको गेली तेव्हा रस्त्याच्या पलीकडे उभा राहून परत आलो.

सहा वर्षांपूर्वी एक तरुण एक चकचकीत कॅमेरा घेऊन आला. मामाच्या संग्रहातून आला होता, आणि याने हौसेने बाहेरून नवा काळा रंग, नवे कातडे करून घेतले होते. आता विकायला काढला तर कोणी विचारीत नाही, म्हणून वैतागला होता. मी तळाचा पत्रा उघडला. आत माझ्याच हातची तारीख.

त्याला मी बसवले आणि सगळे सांगितले. नंबर कोणता, खेप कोणती, मूळ रंगासह त्याला काय आले असते, रंग काढल्याने किती गेले, आणि आता काय यावे. आधी हे सांगितले, मग विकत मागितला. इतर दोन दुकानांत विचारून ये म्हणालो. तो विचारून आला आणि मला दिला. त्यासाठी मी माझे स्वतःचे नऊ कॅमेरे विकले. रंगाचा सत्यानाश झाला नसता तर मला तो सात जन्मांत परवडला नसता.

दुसऱ्याच दिवशी बाईंचा पत्ता काढून गेलो. दार त्यांच्या मुलीने उघडले. हात पिठाचे होते.

"बाई आहेत का?"

"आई जाऊन चार वर्षं झाली. आपण कोण?"

कॅमेरा माझ्या पिशवीत होता. मी म्हणालो, "पत्ता चुकला वाटतं," आणि जिना उतरलो. ती वरून म्हणत होती, "अहो, बाई म्हणालात ना तुम्ही? पाणी तरी घ्या." त्यानंतर तीनदा त्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन आलो. जिवंतपणी का दिला नाही असे कोणी विचारील. धीर झाला नाही, एवढेच उत्तर आहे.

तरी तो कॅमेरा बाईंच्या मुलीस द्यावा, आणि हे कलम तिला पूर्ण वाचू द्यावे. स्थिती अशी: पहिल्या खेपेचा, भिंग मूळचे, कडेला बुरशीचा पुसट डाग राहिला आहे. रंग व कातडे मूळचे नाहीत. एक सेकंदाचे शटर किंचित उशिरा मिटते, बाकी सर्व वेग बरोबर. तिने ठेवावा की विकावा, तिची मर्जी. तिच्या वडिलांचे कौतुक खरे होते, एवढे तिला कळावे.

कलम ५. इतर. दुरुस्तीला येऊन कोणी परत न नेलेले सतरा कॅमेरे चिठ्ठ्या बांधून ठेवले आहेत. ताईने एकदा प्रत्येकाला फोन करून पाहावा. मी करतो तेव्हा बहुतेक नंबर बंद लागतात. बँकेत असेल त्यातून माझे शेवटचे उरकावे, उरेल ते ताईचे. माझ्याकडे माझा स्वतःचा एकही फोटो नाही. त्यासाठी शोधाशोध करू नये.

कलम ६. (हे संपूर्ण कलम मी खोडले असून बाजूस सही केली आहे. ते भावाविषयी होते. त्यात त्याला दिलेली एक वस्तू होती, आणि त्याला सुनावलेले पानभर होते. वस्तू ताईकडे जाईल. खोडलेले वाचायचा प्रयत्न करू नये.)

कलम ७. साक्षीदार. कागद दाखवायला नेला तेव्हा वकिलाने सांगितले की ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नका, आणि साक्षीदार दोन हवेत. घरी येऊन मी बोटांवर मोजले. शिंपी बाद, ताई बाद. मोजणे तिथेच थांबले. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना विचारले, त्या दुपारी एकला दवाखाना बंद करून येते म्हणाल्या. दुसरे माणूस दोन दिवस आठवत राहिलो. शेवटी कलम सहा खोडले आणि फोन लावला.

"मी बोलतोय."

त्याने आवाज ओळखला. मग, "कोण गेलं?"

"कोणी नाही. मृत्युपत्राला साक्षीदार हवाय."

"मला काय मिळणार?"

"काही नाही. म्हणूनच तू चालतोस."

तो हसला की खोकला, कळले नाही. "किती वाजता येऊ?"

अकराला ये म्हणालो. आता पावणेअकरा झाले आहेत. साक्षीदाराला मजकूर दाखवावा लागत नाही, असे वकील म्हणाले. पण तो आला, तर कलम चार मी त्याला वाचून दाखवीन. बावीस वर्षांपूर्वी त्याने मला एक प्रश्न विचारला होता.

वरील सर्व मजकूर माझा असून साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे.

(सही) कॅमेरे दुरुस्त करणारा

साक्षीदार १. दवाखान्यातील डॉक्टर. यांची प्रकृती वयाच्या मानाने ठीक असून यांनी माझ्यासमोर पूर्ण शुद्धीत सही केली आहे. (सही)

साक्षीदार २. सही करणाऱ्याचा सख्खा धाकटा भाऊ, वय अडुसष्ट, निवृत्त. सही माझ्यासमोर झाली. कलम चार दादाने दोनदा वाचून दाखवले, बाकीचे मी वाचले नाही. अकराला आलो होतो, आता दीड वाजला आहे. (सही)

स्थळ: दुकान, पडद्याच्या आतली बाजू.
दिनांक: नऊ मार्च.